सोळा किलो हवा

परदेशातल्या नेमणुकीवरून बदली झाली, मी आठवडाभरात मायदेशी हजर झालो. सामान जहाजाने रमतगमत दोन महिन्यांनी आलं. सामान हलवण्याच्या खर्चाचं बिल मात्र अजून या टेबलावरून त्या टेबलावर प्रवासच करतंय. खरं तर त्यालाच आता प्रवासभत्ता सुरू करायला हवा.

मूळ भानगड उशांची. पोचल्या पोचल्या डोकं टेकायला काहीतरी हवं, म्हणून उशांचं एक खोकं विमानाने पुढे धाडलं. बांधाबांध चालू असताना बायकोने विचारलं होतं, "त्या हवा काढून टाकायच्या पिशव्या आणू का? उशा चपट्या होतील." मी बॅगेवर बसून चेन ओढत होतो. म्हटलं, "कशाला? खर्च सरकारचा आहे."

खोकं 60 बाय 50 बाय 40 सेंटीमीटरचं, वजन 4 किलो. पण विमानवाले लांबी-रुंदी-उंचीचा गुणाकार करतात, त्याला 6000 ने भागतात आणि ते उत्तर खऱ्या वजनापेक्षा जास्त आलं तर त्याचेच पैसे लावतात. आमचं उत्तर आलं 20. एअर वेबिलवर, म्हणजे विमानाने धाडलेल्या मालाच्या कागदावर, दोन्ही आकडे छापलेले: प्रत्यक्ष वजन 4, आकारणीचं वजन 20.

लेखाशाखेतल्या साहेबांनी दोन्हींभोवती पेन्सिलीने गोल काढले.

"हे वरचे 16 किलो कशाचे?"

"हवेचे."

त्यांनी सामानाची यादी वरपासून खालपर्यंत बोट फिरवून तपासली. "यादीत हवा नाही."

खरंच नव्हती. 'उशा, नग 4' एवढंच होतं. मग मागाहून खुलासा जोडला. "सदर हवा उशांच्या आत व सभोवती होती" असं आता माझ्या सहीनिशी सरकारदरबारी नोंदलेलं आहे.

तोवर पावत्यांनी दगा दिला. मशिनमधून सर्रकन निघणाऱ्या त्या गुळगुळीत पावत्या हळूहळू फिक्या पडू लागल्या. एका अनुभवी सहकाऱ्याने सल्ला दिला, लॅमिनेट करून घ्या. तो कागद तापला की काळा पडतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मलाही, यंत्रातून टॅक्सीची पावती बाहेर येईपर्यंत, नव्हतं. साहेबांनी तो काळाकुट्ट चौकोन उजेडासमोर धरला आणि गंभीरपणे विचारलं, "रात्रीचा प्रवास का?"

विनिमय दराचं सांगत बसत नाही. पैसे दिले त्या दिवसाचा, कार्डवाल्यांचा आणि बिल सादर केलं त्या दिवसाचा, असे तीन दर निघाले. तिन्हींनी हिशेब केला तरी आगाऊ उचललेल्या रकमेतून मीच देणं लागत होतो.

काल फाइल परत आली. शेरा होता: "प्रत्यक्ष वजन 4 किलो मंजूर. उर्वरित 16 किलो हवा कर्मचाऱ्याने स्वेच्छेने व स्वखर्चाने आणल्याचे समजण्यात यावे."

बायकोला वाचून दाखवला. ती उशीला अभ्रा चढवत होती. दोन थापट्या मारून तिने उशी चांगली फुगवली आणि म्हणाली, "असू दे की. खर्च सरकारचा आहे."