गादीवाफ्याच्या तळाला खडी कशाला?

बागकामाच्या ग्रुपांवर एक निरोप वर्षातून दोन-तीनदा तरी फिरून येतो. फुलझाडांसाठी गादीवाफा करायचा तर तळाला चार बोटं खडी किंवा विटांचे तुकडे पसरा, त्यावर प्लास्टिक नाहीतर कापड अंथरा, माती चिकण असेल तर वाळू कालवा, वरून निव्वळ कंपोस्ट भरा आणि वाफा होईल तितका उंच करा. पाच सूचना, पाचही ठसक्यात. पहिली मी स्वतः इमानेइतबारे पाळली होती, म्हणून तिच्यावर जरा जास्तच बोलणार आहे.

‘खडीमुळे पाण्याचा झटकन निचरा होतो.’ हे लगेच पटतं, कारण पाणी म्हटलं की डोळ्यांपुढे नळ येतो. मातीतलं पाणी नळासारखं पळत नाही. कणांमधल्या बारीक फटी ते धरून ठेवतात, वात तेल धरते तसं. खडीतल्या फटी मोठ्या, त्यांना मातीतलं पाणी ओढून घेता येत नाही. मग वरून उतरलेलं पाणी खडीच्या तोंडाशी येऊन थबकतं, आणि तिथली माती तुडुंब भिजल्याशिवाय खाली उतरतच नाही.

खोटं वाटत असेल तर भांडी घासायचा लांबट स्पंज घ्या. पाण्यात बुडवून आडवा धरा आणि टपटप थांबू द्या. आता न पिळता तोच स्पंज उभा करा: पुन्हा धार लागते. स्पंज तोच, पाणी तेच, वाढली ती उंची. उभ्या स्पंजाचा तळ तरीही चिंब राहतो, आणि तो खड्यांवर टेकवला म्हणून कोरडा होत नाही. वाफ्याचंही तसंच आहे. एका जातीच्या मातीत तळाशी जो चिंब पट्टा राहतो त्याची जाडी साधारण ठरलेली असते. 30 सेंटिमीटरच्या वाफ्यात 10 सेंटिमीटर खडी घातली तर तो पट्टा नाहीसा होत नाही, 10 सेंटिमीटर वर सरकतो. मुळांच्या दिशेने.

माझ्या वाफ्यातली शेवंती पाणी असूनही माना टाकायला लागली, तेव्हा मी एक कोपरा खणला. वर बोटभर माती भुरभुरीत, खाली छान वाफसा, आणि खडीला टेकलेला थर काळपट, लिबलिबीत, कुजक्या अंड्याच्या वासाचा. मुळांची टोकं तपकिरी होऊन हातात सुटत होती. खडी मात्र जवळजवळ कोरडी! ते पाहून आधी स्वतःवरच हसू आलं.

हे काही मी लावलेला शोध नाही. वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीचे मृदाशास्त्रज्ञ वॉल्टर गार्डनर यांनी 1950 च्या दशकातच काचेआड मातीचे थर भरून, पाणी जाड थराशी कसं अडतं ते चित्रित करून ठेवलं आहे. आणखी गंमत गोल्फच्या मैदानांची. अमेरिकेतल्या यूएसजीए या गोल्फ संघटनेच्या पद्धतीने हिरवळ करताना सुमारे 30 सेंटिमीटर वाळूच्या थराखाली 10 सेंटिमीटर खडी घालतात. वाळूत पाणी टिकत नाही, ते टिकावं हा त्या खडीचा एक हेतू असतो. म्हणजे ज्यांना पाणी अडवायचं आहे ते जे करतात, तेच आपण पाणी घालवायला करतो. त्यांच्या खडीत पाइप असतात, जास्तीचं पाणी उताराने बाहेर जातं, हे खरं. तुमच्याकडेही छिद्रांचा पाइप टाकून त्याचं तोंड बाहेर काढलेलं असेल, तर खडीला काही अर्थ आहे. नुसत्या खडीला नाही.

शिवाय हिशोब करा. 2.4 मीटर लांब, 1.2 मीटर रुंद वाफ्यात 10 सेंटिमीटर खडी म्हणजे चारशे किलोच्या वर ओझं. ते घमेल्यांनी वाहायचं, आणि मुळांची एक तृतीयांश जागा घालवायची.

‘त्यावर प्लास्टिक किंवा कापड अंथरा.’ प्लास्टिकवर पाणी साचतं, एवढं पुरे. कापडातून पाणी झिरपतं, पण मुळं अडखळतात आणि गांडुळांची येजा मंदावते. तणाची भीती असेल तर चिकटपट्टी काढलेला साधा पुठ्ठा ओला करून अंथरा. तण गुदमरतं आणि काही महिन्यांत पुठ्ठाच मातीत जिरतो. त्याआधी खालची जमीन कुदळीने सैल करा आणि नव्या मातीची पहिली दोन-तीन घमेली तिच्यातच कालवा. दोन मातींमध्ये ठळक रेघ राहू न देणं, हाच खरा निचरा.

‘चिकण मातीत वाळू कालवा.’ चार घमेली वाळूने काही होत नाही. चिकण कण 0.002 मिलिमीटरपेक्षाही बारीक, ते वाळूच्या फटींत जाऊन बसतात आणि वाळल्यावर सगळं विटेसारखं घट्ट होतं. फरक पडायला निम्म्याहून जास्त वाळू लागेल, म्हणजे माती बदलल्यासारखंच झालं. चिकण मातीला कुजलेलं खत द्या. ते कणांची ढेकळं बांधतं आणि त्या ढेकळांमधून हवा खेळते.

‘निव्वळ कंपोस्ट भरा.’ पहिल्या हंगामात झिनिया दृष्ट लागण्यासारखी येते, हे कबूल. पण कंपोस्ट कुजतच राहतं, वाफा बसत जातो, आणि पुढच्या वर्षी झाडं खड्ड्यात उभी दिसतात. एकदा पूर्ण सुकलं की ते पाणीही चटकन घेत नाही, कडेने निसटून जातं. तीन भाग पोयट्याची माती, एक भाग कंपोस्ट, आणि दरवर्षी वरून दोन बोटं खत, इतकं बहुतेक फुलझाडांना भागतं.

उंचीची सूचना अर्धी खरी आहे. स्पंज उभा केल्यावर जे झालं तेच उंच वाफ्यात होतं. पण उंच वाफा लवकर वाळतो, आणि हंगामी फुलांची बहुतेक मुळं वरच्या 20-30 सेंटिमीटरमध्येच असतात. किती उंची हवी ते जमिनीला विचारा. वाफ्याच्या जागी हातभर खड्डा खणून पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा आणि पट्टी लावून बसा. पाणी तासाला दोन-तीन सेंटिमीटर उतरत असेल तर 20-25 सेंटिमीटरचा वाफा पुरतो. जेमतेम हलत असेल तर 40 पर्यंत जा.

माझी खडी शेवटी दोन वाफ्यांमधल्या पायवाटेवर गेली. तिथे ती चपलांना चिखल लागू देत नाही.