हिंगोलीच्या लहरी आणि सोलापूरचा नळ

सोलापूरहून मामांचा फोन आला की पाण्याचा विषय निघतोच. "चार-चार दिवस नळाला पाणी नाही आणि तिकडं हिंगोलीत २६०० कोटी घालून लहरी मोजणार. काय उपयोग बे त्याचा?" यावर माझा इंजिनिअर मावसभाऊ ठासून सांगतो, हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथच्या लायगोत, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेत, विश्वाच्या जन्माचा आवाज ऐकू येणार! मला मामांच्या प्रश्नापेक्षा हे उत्तर जास्त खटकतं.

महास्फोटानंतर सेकंदाच्या अब्जांशाहूनही कमी काळात, विश्व थंड होताना हिग्ज क्षेत्राची, म्हणजे कणांना वस्तुमान देणाऱ्या सर्वव्यापी क्षेत्राची, अवस्था बदलली. उकळत्या पाण्यातल्यासारखे बुडबुडे तेव्हा उठले असतील, फुगून एकमेकांवर आदळले असतील, तर त्या खळबळीतून गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशालाच ताणत-आवळत जाणाऱ्या लहरी, निघाल्या असणार. हा 'तर' मोठा आहे. २०१२ साली सापडलेल्या हिग्ज कणाचं वस्तुमान पाहता, प्रचलित सिद्धांत सांगतो की हा बदल बुडबुड्यांविना, सावकाश झाला. म्हणजे त्या लहरी सापडल्याच, तर सिद्धांतच अपुरा ठरेल. शिवाय विश्व प्रसरण पावल्यामुळे त्या इतक्या ताणल्या गेल्या असतील, की एक आवर्तन पुरं व्हायला आता पंधरा-वीस मिनिटंही लागावीत. जमिनीच्या थरथरीत, लायगोच्या चार किलोमीटरच्या भुजांना ते पकडणं जमणार नाही. ते काम युरोपच्या 'लिसा'चं: एकमेकांपासून २५ लाख किलोमीटरवर तीन यानं, उड्डाण २०३५च्या सुमारास.

हिंगोलीचं काम वेगळं आणि तेवढंच मोलाचं. कृष्णविवरं किंवा न्यूट्रॉन तारे आदळले की आकाशात नेमके कुठे, हे जगातल्या इतर लहरमापकांना भारतातला कान जोडल्यावर फार चांगलं कळेल. एवढं खरं सांगायला काय हरकत आहे?

मी हॅनोवरला राहतो. जवळच रूथे गावच्या शेतांत 'जिओ ६००' हा लहरमापक आहे. त्याच्या खर्चावरून वाद घातलेला माझ्या तरी कानावर आलेला नाही. जर्मन माणूस काही विज्ञानवेडा नाही. त्याच्या नळाला पाणी आहे, बस्स. आमची मामी पाण्याच्या रात्री मोटर लावून, टाकी भरेपर्यंत जिन्यात बसते. तिच्यापुढे महास्फोट सांगायचा, तर निदान खोटा सांगू नये.

तरी मामांचा हिशेबही मला पटत नाही. उजनी धरण भरलेलं असतानाही नळ कोरडे राहतात, ते हिंगोलीमुळे नव्हे. त्यांना चिडायचंच असेल तर यावर चिडावं: लायगोला तत्त्वतः मंजुरी २०१६ची, पैशांना मंजुरी २०२३ची.