निफाडच्या 5 अंशांत वाढलात म्हणून विनिपेगचा हिवाळा सोपा होत नाही

निफाडचा पारा खाली आला की दर डिसेंबरात नाशिकच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. यंदा मला तो एकाच दिवशी तीन ठिकाणांहून आला. थोडक्यात मजकूर असा : ‘आपण नाशिककर, 5 अंशांत गोदाघाटावर आंघोळ करणारी माणसं. कॅनडाला निघालेल्या मुलांनी थंडीचा बाऊ करू नये. एक जाड जाकीट, दोन स्वेटर आणि घरची रजई घ्या. पायात दोन-दोन मोजे घाला. फारच गारठलात तर दोन घोट ब्रँडी घ्या, खोलीत शेगडी पेटवा. हातपाय बधिर झाले तर जोरात चोळा. बाकी शरीर आठवड्याभरात सरावतं.’

लिहिणाऱ्याला मुलांची काळजी आहे हे दिसतं. पण मी कॅनडातल्या विनिपेगला चार हिवाळे काढलेत आणि शेजारच्या वहिनींची मुलगी येत्या जानेवारीत तिकडेच निघाली आहे. वहिनींनी हाच मेसेज समोर ठेवून बॅगेची यादी केली, म्हणून एकेका मुद्द्याचं उत्तर देते.

‘5 अंशांत वाढलेली माणसं.’ निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात 5 अंश नोंदले जातात ते पहाटे. त्याच दिवशी दुपारी आपण स्वेटर काढून कमरेला बांधतो. आपली थंडी रात्रीची असते, सकाळची उन्हं अंगावर आली की ती सुटते. विनिपेगला जानेवारीत रात्रीचं सरासरी तापमान उणे 20 च्या आसपास असतं आणि दुपारचं उणे 11 च्या. ऊन लख्ख पडतं, पण त्या उन्हात काहीच वितळत नाही. ओला झालेला मोजा उन्हात टाकून वाळवू, हा आपला हिशेब तिथे चालत नाही.

शिवाय वारा. उणे 20 तापमानात ताशी 30 किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या कातडीला ते उणे 33 सारखं लागतं आणि 10 ते 30 मिनिटांत कातडी गोठू शकते. पहिल्या जानेवारीत बसथांब्यावर उभी होते. श्वास आत घेतला की नाकातले केस काट्यासारखे टोचायचे, डोळ्यांना पाणी आलं की पापण्या एकमेकींना चिकटायच्या. बस कुठे आली ते बघायला एक हातमोजा काढला, तेवढ्यात फोन बंद पडला. चाळीस टक्के बॅटरी दाखवत होता. उघड्या हाताची बोटं पुन्हा आपली वाटायला घरी पोचून बराच वेळ गेला. तेव्हापासून घरातून निघताना मी तापमानाआधी वारा बघायचे.

‘एक जाड जाकीट, दोन स्वेटर.’ आजीची गोधडी आठवा. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक टाचलेले, आणि ऊब धरून ठेवते ती त्या थरांमधली हवा. कपड्यांचंही तेच. अंगालगत लोकरीचा किंवा पॉलिस्टरचा थर्मल, त्यावर फ्लीस (मऊ, लवदार कृत्रिम कापडाचा कोट) किंवा स्वेटर, आणि सगळ्यांवर वारा व पाणी अडवणारं जाकीट. शरणपूर रोडच्या तिबेटी मार्केटमधला स्वेटर मधल्या थराला चांगला चालतो, पण विणीतून वारा आरपार जातो, त्यामुळे तो सगळ्यात वर उपयोगाचा नाही.

अंगालगत सुती गंजी मात्र नको. बसमध्ये, दुकानात हीटर चालू असतो, घाम येतो, सूत तो पिऊन घेतं आणि बाहेर पडताच ती ओली गंजी अंगाला बर्फासारखी लागते. म्हणून आत शिरल्याबरोबर जाकिटाची चेन उघडायची, घाम येण्याआधीच. जीन्सही सुतीच, तिच्याखाली थर्मल हवा.

‘दोन-दोन मोजे.’ बुटात जागा असेल तर ठीक. घट्ट बुटात दुसरा मोजा कोंबला की मधली हवा जाते, रक्तपुरवठा आवळला जातो आणि पाय जास्तच गार पडतात. लोकरीचा एकच जाड मोजा आणि त्याला जागा देणारा बूट घ्या. हातांना पाच बोटांच्या मोज्यांपेक्षा मिटन बरे. चार बोटं एकत्र राहिली की एकमेकींना ऊब देतात.

‘रजई.’ नको. तिथली घरं हिवाळाभर 20-21 अंशांवर तापवलेली असतात. चार हिवाळ्यांत तिथे घरात वाजली नाही एवढी थंडी मला नाशिकच्या घरात फरशीवर अनवाणी चालताना वाजते. तिथे घरातला त्रास कोरड्या हवेचा : ओठ फुटतात, टाचा भेगाळतात, नाकातून रक्त येतं. आंघोळीनंतर अंग जरासं ओलं असतानाच तेल किंवा क्रीम लावायचं.

‘ब्रँडी आणि शेगडी.’ इथे मात्र माझा राग आवरत नाही. दारूने कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. वरून गरम वाटतं, पण आतली ऊब बाहेर निघून जाते, आणि आपण गारठतोय हे कळण्याची शुद्धही कमी होते. घोट घेऊन बर्फात चालत निघणं जिवावर बेतू शकतं.

शेगडीचा धोका त्याहून मोठा. बंद खोलीत कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, माणसाला वाटतं दगदग झाली, आणि तो झोपतो. आपल्या जुन्या घरांत कौलांच्या फटींतून वारा खेळायचा, म्हणून शेगडी निभावली. तिथलं घर फट न ठेवता बांधतात. बरीच मुलं तळघरातल्या खोल्या भाड्याने घेतात, आणि घर तापवणारी भट्टी अनेकदा तिथेच शेजारी असते. खोली बघायला जाल तेव्हा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे का, चालू आहे का, हे घरमालकाला पहिल्यांदा विचारा. गाडी असेल तर बर्फ पडून गेल्यावर सायलेन्सरचं तोंड मोकळं केल्याशिवाय इंजिन सुरू करू नका.

‘जोरात चोळा.’ गोठलेली कातडी चोळली तर आतल्या पेशींना आणखी इजा होते. आत जा, ओलं काढा, 37 ते 39 अंशांच्या कोमट पाण्यात हात किंवा पाय बुडवा. हीटरवर शेकू नका, बधिर कातडीला भाजलेलं कळत नाही. जागा पांढुरकी किंवा मेणासारखी कडक झाली असेल तर थेट डॉक्टर गाठा.

‘आठवड्याभरात सरावतं.’ थंडी थोडी सुसह्य होते, पण सवय मुख्यतः आपल्या वागण्याला लागते, कातडीला नाही. पारा 5 वर आला की निफाडचा द्राक्षबागाईतदार रात्रभर बागेत शेकोट्या पेटवतो, पहाटे ठिबक सुरू करतो. वेल सरावेल म्हणून तो झोपून राहत नाही.

अंधाराबद्दल तर मेसेजमध्ये अक्षरही नाही. डिसेंबरच्या अखेरीस विनिपेगला दिवस जेमतेम 8 तासांचा असतो. त्या अक्षांशावर हिवाळ्यातल्या उन्हाने कातडीत ड जीवनसत्त्व जवळजवळ तयारच होत नाही, आणि आपल्या सावळ्या कातडीला मुळात ऊन जास्त लागतं. तिथल्या दुधात ते घातलेलं असतं, तरी गोळी लागेल का हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्या. फेब्रुवारीत मन उदास झालं तर त्याला नुसती घरची आठवण समजू नका. त्यात अंधाराचाही वाटा असतो. दुपारी थोडा वेळ बाहेर पडा आणि घरी फोनवर खरं काय ते सांगा.

काल वहिनींकडे बसून यादी पुन्हा केली. रजई आणि चार सुती पंजाबी ड्रेस बाहेर काढले, तीन थर्मल आत गेले. जाकीट, कानटोपी आणि मिटन मोठ्या बॅगेत होते, ते मुलीच्या हातातल्या बॅगेत ठेवले. मोठी बॅग मागे राहिली तर विमानतळाच्या दारापासून गाडीपर्यंत तेच अंगावर लागणार आहेत. बूट तिथे पोचल्यावर, घालून बघून घ्यायचे.