“आय-सेव्हन असून ४के अडकतं”: तुमच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार ताई,

उत्तराला चार दिवस लागले, कारण लिहिण्याआधी तुमचं म्हणणं स्वतः तपासून बघायचं होतं. तपासलं. बरंचसं बरोबर आहे.

बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. ताईंनी हॉलमधल्या ४के टीव्हीला जोडायला आमच्या दुकानातून इंटेलच्या चौथ्या पिढीच्या आय-सेव्हन प्रोसेसरचा रिफर्बिश्ड (वापरलेला, नीट करून विकलेला) मिनी पीसी नेला. त्यावर ‘४के सपोर्ट’ अशी चिठ्ठी आम्हीच चिकटवली होती. घरी गेल्यावर फोनवर काढलेले ४के व्हिडिओ अडखळत चालले, पंखा मिक्सरसारखा ओरडायला लागला, माउसचा बाण हाताच्या मागे मागे राहिला आणि टीव्हीच्या रिमोटने काहीच हललं नाही. फोन केला तर आमच्या दुकानातल्या मुलाने “टीव्हीची सेटिंग बघा” म्हणून बोळवण केली. त्यात भावाकडचा एन१०० (इंटेलचाच साधा, छोटा प्रोसेसर) असलेला तळहाताएवढा डबा तेच व्हिडिओ बिनबोभाट चालवतो. म्हणून ताईंनी रिव्ह्यूत लिहिलं, “आय-सेव्हनच्या नावाखाली भंगार गळ्यात मारलं.”

भंगार म्हणणार नाही मी, पण गळ्यात मारलं हे मात्र खरं.

तुमचं मशीन तुमच्याकडेच आहे, म्हणून त्याच लॉटमधलं दुसरं काढून टेबलावर ठेवलं आणि तुम्ही मुलाला पाठवलेली क्लिप त्यावर लावली. (व्हॉट्सॲपवर ती डॉक्युमेंट म्हणून पाठवलीत ते फार बरं केलंत. नुसती व्हिडिओ म्हणून टाकली असती तर तिथेच दाबून बारीक झाली असती, आमच्याकडे झकास चालली असती, आणि मी तुम्हालाच खोटं पाडलं असतं.) फाइलची माहिती उघडली: ४के, सेकंदाला ६० फ्रेम, १० बिट (म्हणजे रंगांच्या जास्त छटा), कोडेक (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत) एचईव्हीसी. मग बाजूला टास्क मॅनेजर उघडून ठेवला आणि प्ले केलं. तीन-चार सेकंदांत प्रोसेसरचे आठही आलेख छताला टेकले. पंखा चढला. पडद्यावर पोरं धावत होती ती टप्प्याटप्प्याने उड्या मारत पुढे सरकायला लागली. आणि ग्राफिक्सच्या पानावर ‘व्हिडिओ डीकोड’ नावाची जी रेघ असते ती शून्यावर आडवी पडून होती, जराही हलली नाही.

तुमच्या तक्रारीचं मूळ त्या आडव्या रेघेत आहे. हल्लीच्या चिपमध्ये व्हिडिओ उलगडायला वेगळा छोटा भाग असतो. कोडेक त्याच्या ओळखीचा असला की सगळं काम तो परस्पर उरकतो आणि मुख्य प्रोसेसर निवांत बसतो. ओळखीचा नसला की प्रत्येक फ्रेमचं गणित प्रोसेसरलाच करावं लागतं. एकाला पाढा पाठ आहे आणि दुसरा पैलवान असून बोटांवर मोजतोय, असा प्रकार. एचईव्हीसी, म्हणजेच एच.२६५, हे मानक मंजूर झालं २०१३ च्या एप्रिलमध्ये. इंटेलची चौथी पिढी बाजारात आली त्याच वर्षी जूनमध्ये. तिच्या डीकोडरला हा कोडेक ठाऊक असणं शक्यच नव्हतं, मग पुढे आय-थ्री लिहिलेलं असो की आय-सेव्हन. एन१०० आला २०२३ मध्ये. चार साधे कोर, ६ वॅटचा वर्ग, पण त्याला एचईव्हीसी १० बिट येतं, व्हीपी९ आणि एव्ही१ हे दुसरे कोडेकसुद्धा येतात. तीच क्लिप त्यावर लावली तर डीकोडची रेघ वर गेली आणि प्रोसेसर जवळपास रिकामा राहिला. पंखा चालू आहे की बंद हे बघायला मला डब्याला कान लावावा लागला. तेव्हा तुमच्या भावाला दाद द्या, त्यांनी नावाला न भुलता घेतलं.

पंखा ओरडण्याचं कारणही हेच. त्यात धूळ नाही, थर्मल पेस्टही देताना नवीन लावली होती. ३५ वॅटच्या चिपला एवढ्याशा डब्यात पूर्ण ताकदीने पळवलं की पंख्याला दुसरा इलाज नसतो.

आता माउसचा बाण. मला सगळ्यात जास्त लाज याची वाटली, कारण इथे मशीनचा काही दोष नव्हता. त्या मशीनचं एचडीएमआय (टीव्हीची केबल लागते ते पोर्ट) जुन्या १.४ आवृत्तीचं आहे. ते ४के देतं, पण सेकंदाला ३० वेळाच. सिनेमा बघताना ते खपून जातं, माउस हलवला की लगेच जाणवतं. मात्र त्याच मशीनवर डिस्प्लेपोर्ट १.२ हे दुसरं पोर्ट आहे आणि त्यातून ४के ६० हर्ट्झ निघतं. आमच्या मुलाला हे माहीत होतं, म्हणून त्याने डिस्प्लेपोर्टपासून एचडीएमआयचा कन्व्हर्टर सोबत दिलाही. पण दिला पॅसिव्ह. तो नुसती तारांची जोडणी बदलतो, आणि मशीन पुन्हा जुन्या एचडीएमआयच्याच भाषेत बोलायला लागतं, म्हणजे परत ३०. ॲक्टिव्ह कन्व्हर्टर हवा होता, ज्याच्या आत स्वतःची चिप असते आणि जो एचडीएमआय २.० चा असतो. दोन्ही दिसायला सारखे, पुडक्यावर दोन्हींच्या ‘४के’ लिहिलेलं. टीव्हीत पोर्टनिहाय एक सेटिंग असतं, ते चालू केल्याशिवाय काही टीव्ही ४के ६० घेत नाहीत, म्हणून मुलाने जे सांगितलं ते अगदीच हवेतलं नव्हतं. पण आपण कोणता कन्व्हर्टर दिलाय हे आधी न बघता गिऱ्हाइकाच्या टीव्हीवर बोट ठेवणं चूक होतं. त्याच्याशी बोललोय. जाहीरपणे त्याला झोडपणार नाही, कारण चिठ्ठी त्याने लिहिली नव्हती, मी लिहिली होती.

आणि ती चिठ्ठी लिहिताना मी काय बघितलं होतं? मशीनच्या माहितीपत्रकात ‘कमाल रिझोल्यूशन ३८४० × २१६०’ असं होतं, तेवढंच. डेस्कटॉप ४के दिसतो म्हणजे ४के व्हिडिओ चालतो, हे मी न तपासता गृहीत धरलं. धंद्यात इतकी वर्षं असून. त्या लॉटच्या सगळ्या मशीनांवरची चिठ्ठी काढलीय. नवीन चिठ्ठीवर चार गोष्टी आहेत: पिढी, कोणते कोडेक हार्डवेअरमध्ये उलगडतात, एचडीएमआयची आवृत्ती, आणि विंडोज ११ चालतं का. शेवटचं यासाठी की विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचं लागतं. ही मशीनं त्यात अधिकृतपणे बसत नाहीत. टीव्हीखालचा पीसी कायम नेटवर असतो, तिथे हे सांगायलाच हवं होतं.

ही मशीनं फेकून मात्र देणार नाही. फुल एचडी टीव्ही आणि एच.२६४ या जुन्या कोडेकच्या फाइली असतील तर ती आजही शांतपणे चालतात, कोडी (आपल्या फाइली टीव्हीवर बघायचं सॉफ्टवेअर) सुद्धा मस्त चालतं. तशा गिऱ्हाइकाला मी ती बिनदिक्कत देईन.

दोन मुद्द्यांवर मात्र मी तुमच्याशी सहमत नाही.

पहिला रिमोटचा. टीव्हीच्या रिमोटने एचडीएमआयवरचं उपकरण चालतं ते सीईसी नावाच्या सोयीमुळे. पीसीच्या एचडीएमआयमध्ये ती सहसा नसतेच, महागड्या मशीनमध्येही नाही. भावाच्या डब्यावर चालत असेल तर बहुधा त्यांनी यूएसबीचा सीईसी अडॅप्टर लावलाय किंवा वेगळा रिमोट घेतलाय, एकदा विचारून बघा. रास्पबेरी पाय नावाच्या छोट्या, एका बोर्डाच्या संगणकात मात्र सीईसी असतं, आणि पाय ४ व ५ दोन्ही एचईव्हीसी ४के हार्डवेअरमध्ये उलगडतात. फक्त घरच्या फाइली आणि कोडी एवढंच बघायचं असेल तर तो रस्ता वाईट नाही, जरा खटपटीची तयारी हवी. नाहीतर अँड्रॉइड फोनवर कोडीचं ‘कोरे’ ॲप टाका, फुकट आहे.

दुसरा मुद्दा तुमच्या शेवटच्या ओळीचा: “निदान ग्राफिक्स कार्ड तरी टाकून द्यायचं.” त्या डब्यात कार्डाला जागाच नाही. आणि जागा असलेलं मोठं मशीन घेऊन, केवळ डीकोडसाठी कार्ड टाकून, हॉलमध्ये आणखी एक पंखा कशाला वाढवायचा? नवा डीकोडर असलेलं लहान मशीन केव्हाही बरं.

ताईंच्या तक्रारीखाली काही जणांनी “मग नक्की कोणती पिढी घ्यायची” असं विचारलंय म्हणून इथेच लिहितो. रिफर्बिश्ड इंटेल बघत असाल तर सातवीच्या खाली जाऊ नका. सहावी फसवी आहे, तिला एचईव्हीसी येतं पण पूर्ण हार्डवेअरमध्ये ८ बिटच, आणि एचडीआर (उजेड-अंधार जास्त ठळक दाखवणारे व्हिडिओ) बहुतेक १० बिटमध्ये असतं. विंडोज ११ हवं असेल तर आठवी. यूट्यूबवर ४के जास्त बघत असाल तर तिथे व्हीपी९ आणि आता एव्ही१ मिळतं; एव्ही१ मुख्य मालिकेत अकराव्या पिढीपासून आहे. आणि सातव्या-आठव्या पिढीच्या कित्येक मशीनांचंही एचडीएमआय १.४च असतं, तेव्हा मागची बाजू फिरवून डिस्प्लेपोर्ट आहे का बघाच. रॅम ८ जीबी पुरे, एसएसडी हवीच, कारण रात्री शांततेत हार्ड डिस्कची कुरकुर फार ऐकू येते. नुसतं ओटीटी बघायचं असेल तर मात्र पीसी घेऊच नका. टीव्हीतलं ॲप किंवा एखादी स्टिक ते काम जास्त चांगलं करते. ब्राउझरमध्ये बऱ्याच सेवा पूर्ण ४के देतच नाहीत. असं सांगून मी गिऱ्हाईक घालवतोय हे कळतंय मला, पण नंतरचे फोन वाचतात.

आता ताई, तुमचं. एन१००चा एक डबा आणि आठव्या पिढीच्या आय-फाइव्हचा एक मिनी, दोन्ही तुमच्या नावाने बाजूला काढून ठेवलेत. माझं मत एन१००च्या बाजूने, तुमचा वापर बघता. बदलून घ्या, किमतीत फरक निघाला तर तो आमच्याकडे. बदली नको असेल तर पूर्ण पैसे परत, कन्व्हर्टरसकट. स्टार वाढवायची विनंती करत नाही.

मशीन घेऊन याल तेव्हा आणखी एक फाइल आणा, सिनेमाची असेल तर उत्तम. सिनेमा सेकंदाला २३.९७६ फ्रेमचा असतो आणि टीव्ही ६० वर चालत असतो, त्यामुळे कॅमेरा आडवा फिरला की चित्र किंचित हिसके देतं. कोडीत फाइलप्रमाणे टीव्हीचा रिफ्रेश रेट बदलायचं सेटिंग आहे, ते आपण तुमच्यासमोर लावू. टीव्हीच्या मागे केबल कोणत्या पोर्टात आहे त्याचा एक फोटोही काढून आणा, म्हणजे त्या पोर्टाचं ४के ६०चं सेटिंग कुठे सापडेल ते इथेच दाखवतो. मुलगा नाही, मी स्वतः असेन.