असू दे, लागेल कधीतरी

आईवडिलांचं घर आवरायला निघालात? छान. अनुभवाचे चार शब्द ऐकून जा.

'टाकायचं' हा शब्द तोंडातून काढू नका. 'नीट लावून ठेवू' म्हणा.

बोहारणीला हाक मारू नका. बारा साड्या जातील आणि पंधरावी स्टीलची बादली येईल.

श्रीखंडाचे डबे मोजू नका.

1972 च्या दुष्काळात रेशनची मिलो ज्वारी खाऊन दिवस काढले, असं बाबा सांगू लागले की मान डोलवा. प्लास्टिकच्या पिशव्यांचा दुष्काळ कुठल्या साली पडला होता, हे विचारू नका.

माळ्यावर मात्र श्रद्धेनं चढा. तिथे टीव्हीचा खोका आहे. टीव्ही कधीच भंगारात गेला, खोका थर्माकोलसकट जागेवर. घर बदललं तर लागेल! गेल्या रविवारी मी चढलो ते बाबांच्या विम्याचे कागद शोधायला. "निळ्या पिशवीत आहेत रे, सगळं जपून ठेवलंय," बाबा खाटेवरून. निळ्या पिशव्या सतरा निघाल्या. एकीत 1994 ची लाइटबिलं, एमएसईबीची. ते मंडळ मोडून 2005 साली महावितरण आलं, बिलं शाबूत! एकीत लग्नपत्रिका, ज्यांच्या मुलांचीही लग्नं उरकलीत त्यांच्या. मिक्सरचं कोरं गॅरंटी कार्ड. आईच्या शालूच्या घडीत पाचशेच्या चार नोटा, 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री मेलेल्या. "माझ्याकडे कुठले आलेत पैसे?" असं तेव्हा आईच म्हणाली होती. साडेतीन तास. नाकात धूळ, डोक्यात झुरळ. विम्याचा कागद? नाही. सगळं जपलंत ना? मग तो एक कागद कुठेय?

आणि बाबा खाटेवर का होते? रात्री बाथरूमला जाताना रद्दीच्या गठ्ठ्याला अडखळले, घोटा मोडला. ज्या गठ्ठ्याला मी वीस वर्षं हात लावू बघतोय, त्याच. पॅसेजमधून स्ट्रेचर आत येईना. दहावीचा अभ्यास मी जिन्यात केला, मित्राला कधी घरी आणलं नाही, तेव्हा गप्प बसलो. आता नाही बसणार. बाबा, ही बचत नाही, हा नुसता हट्ट आहे. आणि आई, तू त्याला संसार म्हणतेस! उद्या आग लागली तर कुठून बाहेर पडणार आहात तुम्ही दोघं?

शेवटी शेजारच्या दोघांनी बाबांना हात तुटलेल्या जुन्या खुर्चीत बसवून खाली नेलं. ती खुर्ची मी दिवाळीत भंगारात काढली होती, बाबांनी परत आणली. आता भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते प्लास्टरवर हात ठेवून सांगतात, "बघा, लागली की नाही!"