मैदानावरचं पोरगं व्यसनाला शिवत नाही म्हणे!

दहावीची परीक्षा संपली की सांगलीतल्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो: 'पोराला कबड्डी नाहीतर व्हॉलीबॉलच्या संघात घाला. मैदानावरचं पोरगं व्यसनाला शिवत नाही. शिस्त लागते, वाईट संगत आपोआप सुटते.' हेतू चांगला, पण मजकूर अर्धाच खरा.

'व्यसनाला शिवत नाही.' सिगारेटपुरतं हे बरंचसं खरं. चढाईला दम लागतो आणि धुरानं दम तुटतो, हे पोरांना शिकवावं लागत नाही. पण आपल्याकडचं व्यसन सिगारेटचं आहे कुठे? २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातले ३.८ टक्के प्रौढ विडी-सिगारेट ओढणारे होते आणि तंबाखू खाणारे-लावणारे २४.४ टक्के. माव्यानं, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणानं, लगेच दम तुटत नाही, म्हणून संघात त्याला कुणी हरकतही घेत नाही. हाफटाइमला सिनिअर रेडर तळहातावर चुना घेऊन तंबाखू मळतो, बार भरतो आणि उरलेली चिमूट शेजारच्या ज्युनिअरपुढे धरतो. नाही म्हणायची त्या पोराची काय टाप! हे फक्त आपल्याकडचंच नाही. अमेरिकेत २०१३ साली हायस्कूलच्या खेळाडूंपैकी ११.१ टक्के मुलं बिनधुराचा तंबाखू घेत होती. न खेळणाऱ्यांत हेच प्रमाण ५.९ टक्के होतं. माव्यातल्या सुपारीनं तर तोंड उघडेनासं होतं. मग 'कबड्डी कबड्डी' म्हणणार कसं?

दारूचं चित्र आणखी वाईट. मुलांवर काही वर्षं लक्ष ठेवून केलेल्या १७ अभ्यासांचा आढावा २०१४ साली आला. त्यातल्या १४ अभ्यासांत खेळणाऱ्यांचं पिणं जास्त निघालं. इतर अमली पदार्थ बहुतेक अभ्यासांत कमी निघाले, हेही सांगायलाच हवं. करंडक जिंकल्यावर ढाब्यावर कोण नेतं आणि बिल कोण भरतं, हे ज्यांनी गावोगावच्या स्पर्धा बघितल्यात त्यांना ठाऊक आहे.

'वाईट संगत सुटते.' अहो, संघ हीच संगत! शिवाय ज्याला आधीच नाद लागलाय, तो पहाटेच्या सरावाला टिकतच नाही. उरलेल्यांकडे बोट दाखवून खेळानं सुधारले म्हणायचं, हा हिशेब कच्चा आहे.

राहिली शिस्त. ती सरांवर अवलंबून. सरांच्याच गालात बार असेल तर बोलायलाच नको. पोराला जरूर खेळायला पाठवा, पण आधी एक संध्याकाळ मैदानावर जाऊन बसा आणि बाहेरची टपरीही बघा. शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्यानं बंदी आहे. शाळेपासून लांबच्या मैदानाबाहेरची टपरी त्यात येत नाही.