व्हिडिओ हटवायचा तर हटवा, पण कारण लिहून द्या

व्हिडिओ प्लॅटफॉर्मवरच्या सेन्सॉरशिपचा विषय निघाला की लगेच दोन तट पडतात. एका बाजूचं म्हणणं, कोणी काहीही हटवू नये. दुसरी बाजू म्हणते, हे यूट्यूबर फार माजलेत, कडक कायदा हवा. माझ्या जवळच्या दोन माणसांच्या बाबतीत अलीकडे जे घडलं, ते पाहिल्यापासून मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटायला लागल्या आहेत. जे राहायला हवं होतं ते एका रात्रीत गेलं आणि जे जायला हवं होतं ते हलता हलेना. पोस्ट लांबणार आहे, पण वाचा.

पहिली गोष्ट कांद्याची. माझा मावसभाऊ निफाड तालुक्यात राहतो. घरची शेती, आणि जोडीला मोबाईलवर कांद्याच्या बाजारभावाचे व्हिडिओ. बाजार समितीत लिलाव सुरू झाला की हा ट्रॉल्यांच्या रांगेतून चालत सुटतो. उन्हाळ कांदा काय भावानं गेला, गोल्टी म्हणजे बारीक कांदा काय, खाद म्हणजे हलका-खराब माल काय, सगळं सांगतो. आजूबाजूच्या गावांतली माणसं ते बघून ठरवतात, उद्या ट्रॅक्टर भरायचा की माल साठवणीच्या कांदाचाळीतच राहू द्यायचा.

ज्यांना कांद्याचा व्यवहार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. लिलावात भाव पुकारला जातो, पण ट्रॉली रिकामी होते ती व्यापाऱ्याच्या खळ्यावर, म्हणजे तो माल उतरवून घेतो त्या आवारात. माल खाली पडायला लागला की कधीकधी व्यापारी म्हणतो, वरचा माल वेगळा आणि खालचा वेगळा, एवढा भाव देता येणार नाही. याला वांधा काढणं म्हणतात. कधी तो वांधा खरा असतो. वर निवडक माल लावणारे शेतकरीही आहेत. पण कधी तो फक्त भाव पाडायला काढलेला असतो. अर्धी ट्रॉली खाली झालेली, ऊन चढलेलं, माल परत भरायला माणसं नाहीत, ट्रॅक्टरचं भाडं वेगळंच. शेतकरी तिथे काय भांडणार? मान हलवतो आणि मिळेल ती हिशेबाची पट्टी घेऊन घरी येतो.

भावानं असा एक वांधा पहिल्यापासून शेवटपर्यंत चित्रित केला. शिवी नाही, कोणाचं नाव घेऊन आरोप नाही. लिलावाची चिठ्ठी कॅमेऱ्यासमोर धरली, तिच्यावरचा भाव वाचला. मग खळ्यावरचं बोलणं. मग हातात पडलेली हिशेबपट्टी, तीही तशीच कॅमेऱ्यासमोर. संध्याकाळपर्यंत व्हिडिओ जिल्हाभर फिरला आणि रात्री गायब झाला. संदेश आला की हा व्हिडिओ छळ आणि धमकावणीबद्दलच्या धोरणाविरुद्ध आहे. कोणाचा छळ झाला, कितव्या मिनिटाला झाला, तक्रार कोणी केली, की कोणी केलीच नव्हती, यातलं काही त्यात नव्हतं. त्यानं अपील केलं. चार-पाच मिनिटांत अपील फेटाळल्याचं उत्तर आलं. व्हिडिओच मुळात त्याहून मोठा होता. म्हणजे तो पूर्ण बघितला कोणी?

तेव्हापासून भाऊ खळ्यावर जात नाही. फक्त भाव सांगतो आणि घरी येतो. त्याला कोणी धमकी दिली नाही, पोलीस आले नाहीत, कागद आला नाही. तरी त्याचं बोलणं बंद झालं, आणि ते बंद कोणी केलं हे आजही त्याला सांगता येत नाही.

मी नाशिकला सीबीएसजवळ, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळ, टायपिंगचं काम करते. प्रतिज्ञापत्रं, नोटिसा, दिवसभर तेच. साध्या भाडेकरूला नोटीस द्यायची तरी तिच्यात कोण देतंय, कोणाला देतंय, कशाबद्दल आणि उत्तर किती दिवसांत द्यायचं हे लिहावं लागतं. एक गोष्ट राहिली तरी वकीलसाहेब कागद परत पाठवतात. एवढं साधं सौजन्य अब्जावधींची उलाढाल करणाऱ्या कंपन्यांना का जमत नाही, हे मला खरंच कळत नाही.

आता दुसरी गोष्ट. आमच्या मामांच्या दशक्रियेला आम्ही सगळे रामकुंडावर होतो. विधी चालले होते. मामी पायरीवर बसल्या होत्या, अंगावर ओलं लुगडं, पदर सावरायचंही भान नव्हतं. कुठला तरी मुलगा सेल्फी स्टिक घेऊन ‘गोदाघाट दर्शन’ करत फिरत होता. तेव्हा कोणाचं लक्षही गेलं नाही. नंतर मामेबहिणीला तिच्या ऑफिसमधल्या कोणी तरी तो व्हिडिओ दाखवला. मामींचा चेहरा अगदी जवळून घेतलेला, वर करुण संगीत, आणि खाली अनोळखी माणसांच्या अशा कमेंट, की त्या मी इथे लिहू शकत नाही.

आम्ही तक्रार केली. फॉर्म भरला, मामींचाच चेहरा आहे हे पटवून दिलं, सेकंदासकट जागा दाखवली. उत्तर आलं, हा व्हिडिओ आमच्या नियमांचं उल्लंघन करत नाही. परत तक्रार, परत तेच. शेवटी बहिणीनं त्या मुलालाच मेसेज केला, की दादा, त्या माझ्या आई आहेत आणि त्या दिवशी माझ्या वडिलांचा दहावा होता. त्यानं लगेच व्हिडिओ काढला. ‘ताई, माझ्या लक्षातच आलं नाही, माफ करा’ असंही लिहिलं. माणसाला एका वाक्यात कळलं. यंत्रणेला फॉर्मवर फॉर्म भरूनही कळलं नाही.

या दोन्ही गोष्टी मी मुद्दाम शेजारी ठेवल्या आहेत. मला अभिव्यक्तिस्वातंत्र्य हवं आहे आणि मला माझ्या मामींचा खासगीपणाही हवा आहे. यात विरोधाभास नाही. बाजार समितीच्या आवारात लिलावानं ठरलेला भाव आणि प्रत्यक्ष दिलेला भाव हा सार्वजनिक व्यवहार आहे. तो करणाऱ्यानं ‘माझा चेहरा दिसतोय’ म्हणून खासगीपणाची ढाल पुढे करू नये. नवऱ्याच्या दहाव्याला रडणारी बाई सार्वजनिक घाटावर बसलेली असली, म्हणून तिचं दुःख सार्वजनिक होत नाही. जागा कोणाची आहे एवढंच बघून चालत नाही. कोण कोणाला जाब विचारतंय हेही बघावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला, तेव्हा तो मामींसाठी होता. चुकीची पट्टी देणाऱ्याला लपायला जागा म्हणून नव्हता.

२०२७ मध्ये नाशिकच्या सिंहस्थ कुंभमेळ्याची मुख्य स्नानं आहेत. प्रयागराजला २०२५ च्या महाकुंभात काय झालं ते आठवा. आंघोळ करणाऱ्या, कपडे बदलणाऱ्या बायकांचे व्हिडिओ काढले गेले, समाजमाध्यमांवर फिरले, विकायलाही ठेवले गेले. उत्तर प्रदेश पोलिसांना गुन्हे दाखल करावे लागले. आपल्या घाटावर गर्दी काय कमी असणार आहे का? कॅमेरे किती बसवणार याची चर्चा रोज ऐकते. पण एखाद्या बाईला आपला व्हिडिओ कोणीतरी टाकलाय हे कळलं, तर तिनं घाटावर कोणत्या टेबलाशी जायचं, मराठीत किंवा हिंदीत कोण तिचं ऐकून घेणार, याबद्दल कोणी बोलताना दिसत नाही. अशा चित्रणाला शिक्षा देणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ई आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ आहे. टेबल नाही.

आता सरकारबद्दल, कारण सगळा दोष कंपन्यांवर टाकणं अर्धवट होईल.

नोव्हेंबर २०१२ मध्ये आपल्या शेजारच्या पालघरला दोन मुलींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली होती. बाळासाहेबांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल एकीनं लिहिलं होतं, दुसरीनं ते नुसतं लाईक केलं होतं. त्यातून उभ्या राहिलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयात २४ मार्च २०१५ ला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ, म्हणजे आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराला शिक्षा देणारं कलम, रद्द झालं. पण त्याच निकालात कलम ६९अ, म्हणजे सरकारनं मजकूर ब्लॉक करण्याचा अधिकार, कायम राहिला. का राहिला? तर कारणं लेखी द्यावी लागतात, समितीपुढे सुनावणी आहे, अशी बंधनं त्यात आहेत म्हणून. आणि २००९ च्या ज्या नियमांत ही बंधनं आहेत, त्यांतलाच १६ वा नियम सांगतो की तक्रारी आणि त्यांवरची कारवाई गोपनीय ठेवायची. कारण लिहिलेलं आहे, पण ज्याचा व्हिडिओ गेला त्याला ते बघायला मिळत नाही. मग त्यानं कोर्टात आव्हान द्यायचं तरी नेमकं कोणत्या कारणाला?

त्यात आता सरकारचं ‘सहयोग’ पोर्टल आलं. त्यातून कलम ७९ च्या, म्हणजे लोकांनी टाकलेल्या मजकुराच्या जबाबदारीतून कंपन्यांना अटींवर सूट देणाऱ्या कलमाच्या, आधारानं सरकारी यंत्रणा थेट कंपन्यांना मजकूर हटवायला कळवतात, ६९अ ची ती सुनावणीची पायरीही त्यात नाही. एक्स कंपनीनं याला कर्नाटक उच्च न्यायालयात आव्हान दिलं, ते सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळलं गेलं. आणि अशा आदेशानंतर मजकूर हटवायला आधी ३६ तास मिळायचे, ते फेब्रुवारी २०२६ च्या दुरुस्तीनं ३ तासांवर आणले. ३ तासांत कोणती कंपनी विचार करत बसेल? ती आधी हटवणार, कारण न हटवल्याचा धोका तिला आहे. चुकून हटवल्याचा तोटा माझ्या भावाला आहे.

तरी सगळं अंधारलेलं आहे असं मला वाटत नाही. सरकारबद्दलची कोणती बातमी खोटी हे सरकारच्याच विभागानं ठरवायचं, अशी २०२३ ची दुरुस्ती होती. मुंबई उच्च न्यायालयानं ती सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केली. म्हणजे लढलं तर होतं. पण लढायला हातात कागद लागतो.

आपल्या नाशिकला हे नवीन नाही. १९०९ साली कवितांची पुस्तिका छापली म्हणून बाबाराव सावरकरांना जन्मठेप, काळं पाणी झालं. भयंकर अन्याय होता तो. पण त्या परक्या सरकारच्या न्यायालयालाही कोणत्या कविता, त्यांचा अर्थ काय आणि कोणतं कलम हे निकालपत्रात लिहावं लागलं. म्हणून आज शंभरहून जास्त वर्षांनी आपण त्याला अन्याय म्हणू शकतो, त्यातला युक्तिवाद खोडू शकतो. भावाच्या व्हिडिओबद्दल उद्या कोणी काय खोडणार? खोडायला ओळच नाही.

काहीच हटवू नका असं मी म्हणत नाही. धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा मी विसरलेले नाही. १ जुलै २०१८. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाईलवरून फिरली आणि भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच निरपराध माणसांना जमावानं ठेचून मारलं. अशा अफवेचा व्हिडिओ ३ तासांत काय, ३ मिनिटांत गेला पाहिजे. पण तोही हटवताना अमुक नियमाखाली, अमुक भागासाठी हटवला एवढं लिहायला कोणाचं काय जातं? उलट ते लिहिलं तर अफवा टाकणाऱ्यालाही कळेल की आपण काय केलं.

‘प्लॅटफॉर्म खासगी कंपनीचा आहे, पटत नसेल तर सोडा’ असं माझा एक वर्गमित्र मला म्हणाला. कुठे जायचं सोडून? पीअरट्यूबसारख्या स्वतंत्र व्यवस्था आहेत, तिथे भाऊ उद्या खातं उघडेल. पण निफाडचा शेतकरी तिथे भाव बघायला येणार नाही. तो जिथे आहे तिथेच बोलावं लागतं. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला निघालेला शेतकऱ्यांचा लाँग मार्च आठवा. सोललेले तळपाय लोकांनी मोबाईलवर पाहिले, म्हणून मुंबईकर पाणी आणि बिस्किटं घेऊन रस्त्यावर उभे राहिले. ते पाय ‘त्रासदायक दृश्य’ म्हणून झाकले गेले असते तर?

आणि हे होतंय. आपल्या भागातले पोर्टलवाले शेतकरी आत्महत्येची बातमी देताना तो शब्दच उच्चारत नाहीत, मध्ये फुल्या टाकतात, आवाज कापतात. पिवळा डॉलर, म्हणजे जाहिरातींवर मर्यादा आल्याची यूट्यूबची खूण, येईल, जाहिराती कमी किंवा बंद होतील ही भीती. ज्या घरात माणूस गेलाय त्या घरासमोर उभं राहून तो कशानं गेला हे बोलायला बातमीदार घाबरतो. याचा मला सर्वांत जास्त राग येतो.

माझं मागणं फार मोठं नाही. व्हिडिओ हटवला तर कितव्या मिनिटाला, कोणत्या नियमाखाली, आणि सरकारच्या सांगण्यावरून, कोणाच्या तक्रारीवरून की यंत्रानं आपणहून, हे कळवा. अपील मराठी समजणाऱ्या माणसानं पूर्ण व्हिडिओ बघून ऐकावं. सरकारी आदेश असेल तर ज्याचा व्हिडिओ गेला त्याला त्याची प्रत द्या. आणि स्वतःचा व्हिडिओ काढून टाका म्हणणाऱ्या बाईचं काम सरकारी आदेशाइतकंच तातडीचं धरा. नग्नतेच्या किंवा कपडे बदलतानाच्या व्हिडिओसाठी नियमात आधी २४ तासांची मुदत होती, आता २ तासांची आहे. पण मामींसारखं, नुसतं रडणारं माणूस त्यात कुठे बसतच नाही.

ज्यांचे व्हिडिओ असे गेले आहेत त्यांनी एवढं करा. मूळ फाईल पुसू नका. आलेल्या संदेशाचा तारखेसकट स्क्रीनशॉट काढून ठेवा. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी तक्रार करा, आणि उत्तर पटलं नाही तर ३० दिवसांच्या आत सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करा. त्याला पैसे पडत नाहीत. अर्ज लिहायचा अडत असेल तर मला सांगा, कोर्टाची सुट्टी असते त्या दिवशी मी बसून टाईप करून देईन. मामींसारखं कोणाचं प्रकरण असेल, तर मात्र लिंक इथे कमेंटमध्ये टाकू नका, इनबॉक्समध्येही व्हिडिओ पाठवू नका. फक्त फोन करा.